उद्यमनगरातले सेल्फवाले मामा : जुन्या अँबेसिडरवाल्यांसाठी

जुन्या अँबेसिडरचा, फियाटचा नाहीतर जीपचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, दमला असेल तर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जा आणि सेल्फवाल्या मामांना विचारा. दुकानाला पाटी नाही. पत्र्याचं शेड, दारात जळक्या आर्मेचरचा ढीग, आत एक छोटा लेथ. नाव-नंबर टाकत नाही, कारण "फोन उचलू का काम करू?" असं त्यांनीच सुनावलंय.

माझी गाडी अँबेसिडर मार्क थ्री, १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन. हिंदुस्तान मोटर्सनं २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद केल्यापासून या गाड्या अशा कारागिरांच्याच जिवावर चालल्यात. इंजिन दुसऱ्या एका गॅरेजात पूर्ण उतरवून बोअर करून घेतलं. पिस्टन, रिंगा, बेरिंगं सगळं नवं. ब्लॉकला रंग तर असा झकास मारला होता की बॉनेट उघडं ठेवूनच फिरावं. पण सेल्फ मारला की घुर्र... घुर्र... आणि गप्प. गॅरेजवाल्यांचं उत्तर ठरलेलं: नवं काम आहे, टाइट आहे, पळू दे जरा. मग म्हणाले बॅटरी बदला. बदलली. मग म्हणाले सेल्फच नवा टाका. बोअर केलेलं इंजिन सुरुवातीला टाइट असतं हे खरंय, पण प्लग काढून हँडल घातलं तर माझ्या एका हातानं ते फिरत होतं. तिथंच शंका आली.

मामांनी पान्याला हात लावला नाही. डिस्ट्रिब्युटरची मधली वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन चालू व्हायला नको, आणि मला म्हणाले, "मारा सेल्फ, सोडू नका लगेच." स्वतः चोकच्या केबलवर दोन बोटं ठेवून उभे. मग म्हणाले, "पावणं, हात लावून बघा." केबल चांगलीच तापली होती. सेल्फ शे-दोनशे अँपिअर ओढतो. तो करंट ब्लॉकमधून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायलाच हवा. बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं, पण इंजिन बसतं रबराच्या माउंटिंगवर, त्यामुळे इंजिन ते बॉडी ही तांब्याची जाळीची पट्टी हाच त्याचा रस्ता. तो बंद असला की बिचारा चोकच्या, अॅक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो. माझी पट्टी जागेवर होती, पण त्या झकास रंगावरच आवळलेली! मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारला, तर जवळजवळ तीन व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. जंपर केबल थेट ब्लॉकला लावली आणि इंजिन भर्रकन फिरलं.

रंग खरवडून चकाकता धातू काढला, नवी पट्टी टाकली. इथंच दुसरा आजार वर आला. मधूनच सेल्फ नुसता घुईंऽऽ करून फिरायचा, इंजिन हलायचं नाही. या जुन्या ल्युकास पद्धतीच्या सेल्फमध्ये बेंडिक्सचा पिनियन, म्हणजे सेल्फच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, स्वतःच्या जडत्वानं आट्यांवरून सरकून फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगला जाऊन भिडतो. तो कोरडाच हवा. आधीच्या गॅरेजात कुणीतरी प्रेमानं ग्रीस थापलं होतं. त्यात क्लचची धूळ बसून चिक्की झालेली. मामांनी रॉकेलमध्ये धुऊन, हवा मारून कोरडा बसवला. खोलल्यावर कार्बन आणि बुशही बदलले.

सेल्फ बाहेर होता तोवर हँडलनं इंजिन फिरवत भोकातून टॉर्च मारून रिंगचे दात दाखवले. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन जागी थांबतं, म्हणून दातही तिथंच झिजतात. माझे झिजलेत. "आत्ता गिअरबॉक्स उतरवू नका. क्लचचं काम निघेल तेव्हा रिंग तापवून उलटी करून टाका." हातात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस मी तरी उद्यमनगरात दुसरा पाहिला नाही. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. नव्या सेल्फचा आधी सांगितलेला भाव ऐकून मामा नुसते हसले.

आता तक्रारी. वेळ दिली म्हणून वेळेवर काम होईल या भ्रमात राहू नका. ट्रॅक्टरवाला आला की आपली गाडी मागं, ऊस तोडणीच्या दिवसांत तर विचारूच नका. बिल मागितलं तर वहीचा फाटका कागद मिळतो. बोलणं तुसडं आहे, दोनदा तेच विचारलं तर खेकसतात. इसुझू इंजिनवाली अँबेसिडर १८०० असेल तर तिचा सेल्फ वेगळ्या जातीचा, तेही करतात म्हणे, मी अनुभव घेतलेला नाही. गल्ली अरुंद आहे, अँबेसिडर आत वळत नाही. रस्त्यावरूनच रिव्हर्स घाला आणि दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊ नका, शटर अर्धं खाली असतं.