विंडोजची फाइल हिस्टरी आठ महिने वापरून: बॅकअप कुठे अडतो आणि का

आधी मांडणी सांगतो. विंडोज ११ असलेला घरचा डेस्कटॉप, त्याला एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क. (विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते. फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.) कागदपत्रं, स्कॅन आणि हिशेब यांच्यासाठी फाइल हिस्टरी (बदललेल्या फाइलच्या प्रती आपोआप घेणारी विंडोजची सोय), सुरुवातीला दर तासाला. फोटो-व्हिडिओंसाठी आठवड्यातून एकदा रोबोकॉपी, म्हणजे फोल्डर कॉपी करणारी विंडोजची कमांड. दोन-तीन महिन्यांतून एकदा सिस्टम इमेज, म्हणजे अख्ख्या विंडोजची जशीच्या तशी प्रत. यातलं काहीही विकतचं नाही, सगळं विंडोजबरोबरच येतं.

फाइल हिस्टरी विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. फाइलच्या जुन्या आवृत्त्या सांभाळण्याचं काम ती चोख करते. परवाची एक्सेल शीट आज बिघडवली, तर परवाची परत मिळते. तिची खोड एकच: एखादी फाइल घेता आली नाही तर ती बोंब मारत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये ‘शेवटची प्रत अमुक वाजता’ एवढंच दिसतं. त्यात काय आलं आणि काय राहिलं, ते खणून काढावं लागतं.

खणायची जागा फाइल हिस्टरीच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्येच आहे. तळाशी इव्हेंट लॉग उघडायची लिंक असते. तिथे इव्हेंट २०१ दिसला, तर लायब्ररी तपासून बदललेल्या फाइल घेण्याची फेरी पूर्ण झालेली नाही. क्रमांक १०० म्हणजे फेरीत काहीतरी वेगळं घडलं. महिन्यातून एकदा हा लॉग बघणं हाच या साधनाचा खरा देखभालखर्च.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. फाइल हिस्टरी डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, डेस्कटॉप, कॉन्टॅक्ट्स, फेव्हरिट्स आणि लायब्ररीत घातलेले फोल्डर एवढंच घेते. डी ड्राइव्हवर ‘घरचे कागद’ नावाचा फोल्डर केला असेल, तर तो आपोआप येत नाही. त्यावर राइट क्लिक करून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ करावं लागतं. त्यात वनड्राइव्हने (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स स्वतःकडे ओढले असतील तर गुंता वाढतो, कारण ते फोल्डर मग प्रत्यक्षात वनड्राइव्हच्या फोल्डरात जाऊन बसतात. शिवाय निळ्या ढगाची खूण असलेली फाइल डिस्कवर नसतेच, असतं ते फक्त नाव. फाइल हिस्टरी तशी फाइल मुकाट्याने सोडून देते. विंडोज ७ च्या काळातलं ‘बॅकअप अँड रिस्टोर’ निदान एरर तरी दाखवतं: ०एक्स८००७०७८०, सिस्टमला फाइलपर्यंत पोहोचता येत नाही. लोक हा कोड बघून हार्ड डिस्क बदलायला निघतात. डिस्कचा यात काही संबंध नसतो. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, भरीव हिरवी खूण यायची वाट बघा आणि मग बॅकअप चालवा. सी ड्राइव्हवर तेवढी जागा हवी, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा सापळा मराठीत नावं देणाऱ्यांसाठी जास्त जवळचा आहे. फाइल हिस्टरी प्रत्येक प्रतीच्या नावापुढे तारीख-वेळ जोडते, कंसात, शेवटी ‘यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ). मधली रिकामी जागा धरून हे शेपूट २६ अक्षरांचं. त्याखेरीज ड्राइव्हवर तिचा स्वतःचा फोल्डर, त्यात युजरचं नाव, त्यात कॉम्प्युटरचं नाव, मग ‘डेटा’, मग ‘सी’, आणि त्यानंतर आपला मूळ पत्ता. म्हणजे मूळ पत्त्यात पाऊणशेच्या आसपास अक्षरांची भर पडते आणि विंडोजची पारंपरिक मर्यादा आहे २६० ची. मूळ पत्ता १९० च्या पुढे गेला की फाइल राहून जाण्याचा धोका धरून चाला. आणि देवनागरीत अक्षर मोजायची रीत वेगळी: ‘श्रीवर्धन’ वाचताना चार अक्षरं, पण विंडोजच्या हिशेबात नऊ, कारण प्रत्येक हलन्त आणि प्रत्येक वेलांटी स्वतंत्र मोजली जाते. ‘आजोबांच्या श्रीवर्धनच्या जमिनीचे जुने फेरफार उतारे’ अशा नावाचे तीन फोल्डर एकात एक ठेवले की काम तमाम. देवनागरीत नावं जरूर ठेवा, पण फोल्डरची नावं आखूड ठेवा. बॅकअप लिनक्सवर चालणाऱ्या नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीवर) जात असेल तर मर्यादा आणखी कडक: तिथे एका नावाला २५५ बाइट आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं.

त्या यूटीसीबद्दल आणखी एक. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे. दुपारी दोनला घेतलेल्या प्रतीच्या नावात साडेआठ दिसतात आणि पहाटे साडेपाचच्या आधीच्या प्रतीवर आदल्या दिवसाची तारीख. बॅकअप सकाळपासून बंद पडलाय असं वाटून सेटिंग उलटसुलट करू नका.

आता केबल आणि पोर्ट. सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टम उघडा आणि ‘डिस्क’ या सोर्सच्या नोंदी गाळून घ्या. १५७ म्हणजे चालू असताना डिस्क अचानक गायब झाली: केबल, पोर्ट किंवा वीज. १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. ७ म्हणजे खराब ब्लॉक, आणि ही वाईट बातमी. बॅकअप मध्येच तुटून ०४५डी ने संपणारा आय-ओ एरर आला की आधी हे तीन आकडे शोधायचे.

१५७ वारंवार दिसत असेल तर डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आतून एका वायरने जोडलेले असतात आणि तिथेच गडबड जास्त. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्क फिरायला सुरुवात होताना जास्त करंट ओढते, म्हणून जुन्या पोर्टवर किंवा स्वस्त हबवर ती टिकटिक करून बंद होते. त्यानंतर पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (रिकामं बसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी सेटिंग) बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देणारी खूण असते, तीही काढा. वेगावरूनही पोर्ट ओळखता येतो: यूएसबी २ वर सेकंदाला ३०-४० एमबीच्या वर काटा जात नाही. अडीच इंची डिस्क यूएसबी ३ वर मोठ्या फाइलना शंभरच्या आसपास जाते. छोट्या हजारो फाइलना मात्र दोन्हीकडे रखडते, तो दोष नाही.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ०५, सी५ आणि सी६ या, डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या, तीन ओळींची रॉ व्हॅल्यू (प्रत्यक्ष आकडा) शून्य असावी. सी५ वाढत असेल तर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) चालवायच्या भानगडीत न पडता आधी त्यातला डेटा दुसरीकडे हलवा. चेकडिस्क स्लॅश आर अख्खा पृष्ठभाग वाचतं. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने एक टीबी वाचायलाच पावणेतीन तास लागतात आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा व्यायाम झेपत नाही. सी७ (डेटा पोहोचताना झालेल्या चुका) वाढत असेल तर संशय आधी केबलवर किंवा जोडणीवर.

सिस्टम इमेजचा किस्सा निराळा. तिथे नेहमीचा अडथळा म्हणजे ०एक्स८०७८०११९, शॅडो कॉपीसाठी (चालू डिस्कची त्या क्षणाची प्रत) जागा नाही. बाहेरच्या डिस्कवर ५०० जीबी रिकामी असताना हा कोड येतो, म्हणून माणूस चक्रावतो. कमी पडलेली जागा बॅकअपच्या डिस्कवर नसते, ती रिकव्हरी किंवा सिस्टम रिझर्व्हड पार्टिशनवर असते. नियम असा: पार्टिशन ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर ५० एमबी मोकळी हवी, मोठं असेल तर ३२० एमबी. म्हणजे ५२० एमबीचं निम्मं भरलेलं पार्टिशन अडकतं आणि ४९९ चं, जवळपास भरलेलं, सुटतं! पार्टिशन ४९९ वर आणून काम काढणारे लोक आहेत. ते चालतं, पण महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत हातात असल्याशिवाय पार्टिशनला हात लावू नका. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स’ (टाइप अर्थातच इंग्रजीत) चालवल्यावर सगळे रायटर (शॅडो कॉपीला मदत करणारे विंडोजचे भाग) ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ दिसायला हवेत. एखादा ‘फेल्ड’ असेल तर कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

रोबोकॉपीवर माझा जीव आहे, पण तिच्या मूळ सेटिंग माणसाला छळायलाच केल्यासारख्या आहेत. एखादी फाइल उघडी असेल, हिशेबाचं सॉफ्टवेअर चालू ठेवून बॅकअप लावला असेल, तर एरर ३२ येतो आणि ती पुन्हा प्रयत्न करते. किती वेळा? दहा लाख. प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब करा, एका फाइलपायी जवळपास वर्ष जाईल. म्हणून /आर:२ /डब्ल्यू:५ लिहिल्याशिवाय ती चालवूच नये. जोडीला /एक्सजे, म्हणजे जंक्शनमुळे (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारी आडवाट) तेच फोल्डर पुन्हा पुन्हा कॉपी होत नाहीत, आणि /लॉग.

टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी काम चालवणारी विंडोजची सोय) रोबोकॉपी लावली की निकालात ०एक्स१ दिसतं आणि लोक घाबरतात. रोबोकॉपीत १ म्हणजे नव्या फाइल कॉपी झाल्या, ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं. आठ आणि त्यापुढचे आकडेच अपयशाचे.

/एमआयआर वापरताना मात्र सावध. ते दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करतं, म्हणजे मूळ जागी नसलेलं पलीकडचं सगळं पुसतं. ड्राइव्हचं अक्षर बदललं आणि ई च्या जागी पेन ड्राइव्ह बसला असेल, तर पेन ड्राइव्ह साफ. डिस्क मॅनेजमेंटमध्ये बॅकअप डिस्कला आर किंवा एक्ससारखं शेवटाकडचं अक्षर कायमचं देऊन ठेवा. पहिली फेरी /एल लावून करा, त्यात ती नुसती यादी दाखवते, हात कशालाच लावत नाही. नको असेल तर /एमआयआर ऐवजी /ई लावा: पुसणं नाही, जागा जास्त खाते.

फाइल हिस्टरीकडे परत. ‘ड्राइव्ह बराच वेळ जोडलेला नाही’ ही सूचना डिस्क जोडूनही हटत नसेल, तर फाइल हिस्टरी बंद करा, लोकल अ‍ॅपडेटामध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाइल हिस्टरी या वाटेने ‘कॉन्फिगरेशन’ फोल्डरात जा, आतल्या फाइल दुसरीकडे हलवा आणि ड्राइव्ह नव्याने निवडा. डिस्कवरच्या जुन्या प्रती तशाच राहतात. आवृत्त्या कायम ठेवायच्या ही तिची मूळ सेटिंग आहे. ती बदलून एक वर्ष केली नाही तर रोज बदलणाऱ्या मोठ्या फाइल डिस्क भरून टाकतात आणि मग ००७० ने संपणारा, जागा संपल्याचा कोड येतो.

परीक्षा मात्र एकच: महिन्यातून एकदा कुठलीही तीन फाइल, त्यातली एक लांब मराठी नावाची आणि एक वनड्राइव्हमधली, ‘रिस्टोर टू’ करून वेगळ्या फोल्डरात काढायच्या आणि उघडून बघायच्या. हे झालं की डिस्क सेफली रिमूव्ह करून कपाटात ठेवायची. चोवीस तास जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) दृष्टीने दुसऱ्या एखाद्या फोल्डरासारखीच असते. त्यामुळे दर तासाची सोय सोडून रात्री तासभर जोडणं पत्करलंय.