पाळणाघरातल्या ताईंसाठी काय निवडावं: डिप्लोमा की जागेवरचं प्रशिक्षण?

ताईंच्या प्रशिक्षणासाठी बाजूला काढलेले पैसे थोडेच असतात. ते डिप्लोमाच्या फीला द्यावेत, की जाणकार बाईंना पाळणाघरातच बोलवावं? मुलं तीन वर्षांखालची असतील तर मी जागेवरचं प्रशिक्षण निवडेन.

डिप्लोमाची बाजू लंगडी नाही. इग्नूचा बालसंगोपन व शिक्षणाचा डिप्लोमा बारावीनंतर दूरशिक्षणाने करता येतो, किमान वर्षभराचा. वाढ, आहार, लसीकरण यांची सलग समज येते आणि हातात कागद असला की पगारवाढ मागायला बळ येतं. पण बारावीच्या अटीपाशीच कितीतरी तरबेज मावश्या अडतात, हे मला फार लागतं. शिवाय अशा बऱ्याच अभ्यासक्रमांत गाणी-गोष्टींच्या, बालवाडीच्या वयाला जास्त जागा मिळते.

तान्ह्यांचं काम हातांत आणि नजरेत असतं. आठ महिन्यांच्या बाळाचं डायपर बदलताना ताईंचे हात सराईत चालतात, पण नजर दाराकडे असते. शेजारी बसलेल्या बाई तिथल्या तिथे सांगतात, ‘आधी त्याला सांगा, पाय उचलते हं. आता जरा थांबा.’ ताई थांबतात आणि बाळ स्वतःच पाय वर घेतं. एवढं एकदा दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही. झोपवण्याचंही तसंच: बाळ उताणं, अंथरूण सपाट, उशी नाही, तोंडाजवळ दुपटं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही हे ठाऊक असतं, पण आजीबाई प्रेमाने मधाची बाटली घेऊन आल्या तर त्यांना न दुखवता नाही कसं म्हणायचं, हे करूनच शिकावं लागतं.

जागेवरच्या शिकवणुकीची खोट अशी की ती सगळी शिकवणाऱ्यावर अवलंबून. म्हणून हाताशी काही पक्कं हवं. महिला व बालविकास मंत्रालयाचा २०२४चा ‘नवचेतना’ आराखडा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचाच आहे आणि त्यात महिन्यागणिक ३६ महिन्यांच्या कृती दिल्या आहेत. दर आठवड्याला आपल्या मुलांच्या वयाचं पान काढून बसता येतं.

प्रथमोपचार मात्र दोन्हींच्या बाहेरचा खर्च समजा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात घास अडकून श्वास कोंडला, तर डोकं खाली ठेवून पाठीवर ५ थापा, मग छातीवर ५ दाब. मोठ्यांसारखं पोट दाबायचं नाही. हे बाहुलीवर हात बसेपर्यंत करून घ्यायला हवं. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसच्या शाखेत चौकशी करा आणि तान्ह्या बाळाची बाहुली असेल का, हे आधी विचारा.

पैसे उरले तर पर्यवेक्षक ताईंना डिप्लोमाला बसवा. काहीही निवडलंत तरी शिकण्याचे तास पगारी धरा आणि तेवढ्या वेळेसाठी बदली मावशी ठेवा. दहा बाळं सांभाळून संध्याकाळी सातला कुणाच्याच डोक्यात काही शिरत नाही.