फ्रिजशिवाय उन्हाळा, पावसाळा आणि अर्धा हिवाळा : नागपुरातला अनुभव

मार्चमध्ये आमच्या जुन्या डबल डोअर फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा यावर घरात बरीच घासाघीस झाली आणि शेवटी ठरलं की सध्या काहीच घ्यायचं नाही. ते 'सध्या' डिसेंबरपर्यंत आलं आहे. ज्यांच्या डोक्यात असा विचार घोळतो आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी सुरुवातीला शोधाशोध केली तेव्हा 'आपल्या आजीकडे कुठे होता फ्रिज' छापाचे उपदेश मिळाले, नाहीतर थंड गावांतल्या लोकांचे अनुभव. नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतल्या, नागपूरबद्दल कोणी काही सांगत नव्हतं.

आधी घराची माहिती, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. सक्करदऱ्याजवळ दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आम्ही दोघं, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. मटण-मासे घरात शिजत नाहीत. मी घरीच शिकवण्या घेते, म्हणजे सकाळ-दुपार स्वयंपाकघर माझ्या नजरेसमोर असतं. भाजीची गाडी रोज खाली येते आणि बुधवार बाजार पायी जाण्याइतका जवळ.

फ्रिजच्या जागी काय आलं? पाण्याचा माठ होताच. भाजीसाठी दुहेरी मडकं केलं: एक मोठं, त्यात एक लहान, मधल्या फटीत धुतलेली रेती, रेतीवर पाणी आणि तोंडावर ओलं गोणपाट. कल्पना माझी नाही. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकांनी ही रचना तिकडच्या खेड्यांत पोचवली आणि त्यासाठी त्यांना 2000 साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे वांगी 3 दिवसांऐवजी 27 दिवस टिकली म्हणतात. माझी वांगी आठवडाभर नीट राहिली, त्यापुढे त्यांनी माना टाकल्या. तरी मे महिन्यात आठवडा म्हणजे कमी नाही.

मडकं घेताना रंग दिलेलं, चकचकीत घेऊ नका. ते पाझरत नाही आणि पाझरलं नाही तर गारही होत नाही. उन्हाळ्यात रस्त्याकडेला हल्ली नक्षीदार माठ जास्त दिसतात. त्यातले बरेच दिवाणखान्यात ठेवायच्या लायकीचे. साधं, खडबडीत, बोटाने वाजवल्यावर खणखणीत वाजणारं घ्यावं. रेती बारीक पण माती नसलेली हवी, नाहीतर आठवड्यात चिखल होतो.

आता खरी गंमत. मडकं सगळ्यात चांगलं चाललं ते सगळ्यात वाईट दिवसांत. बाहेर पारा 44-45 वर, स्वयंपाकघरात 38 आणि मडक्यात थर्मामीटर 26 च्या आसपास. हवा कोरडी असली की पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना मडक्यातली उष्णता घेऊन जातं. 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर ओला पृष्ठभाग तत्त्वतः 23 अंशांपर्यंत उतरू शकतो. जुलैत 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असताना तोच 27 वर अडकतो. म्हणजे विदर्भाच्या ज्या उन्हाला आपण शिव्या देतो, तेच इथे वीज न घेता काम करतं. याच शहरात 23 मे 2013 ला 47.9 अंशांची नोंद झाली आहे, त्यामुळे या बाबतीत आपला पुरवठा भरवशाचा.

एक गोष्ट मात्र कोणीच सांगितली नव्हती. मडकं कुलरच्या खोलीत ठेवायचं नाही. आपल्याकडचा कुलर खिडकीतून ओल्या गवती ताट्यांमधून हवा ओढतो आणि खोली दमट करतो. त्या दमट हवेत मडकं सुस्त पडतं. आमचं मडकं हॉलमधून मागच्या गॅलरीत सावलीत गेलं, जिथे दुपारची झळ सरळ येते, आणि फरक पहिल्याच दिवशी कळला. पाणी मात्र दिवसातून दोनदा, नवतपात तीनदा. विसरलात तर संध्याकाळी सांभार (कोथिंबीर) गवतासारखा हातात येतो.

दुधाचं गणित वेगळं. सकाळी अर्धा लिटर, संध्याकाळी अर्धा, आणलं की लगेच तापवायचं, उरलेलं पुन्हा एकदा तापवायचं. मेमध्ये दही तीन-चार तासांत लागतं आणि रात्रीपर्यंत दात आंबवतं, म्हणून दुपारी ताक आणि रात्री कढी हे ठरूनच गेलं. आमच्याकडे या वर्षी जितकी कढी झाली तितकी गेल्या पाच वर्षांत झाली नसेल. मुलीने कढीविरोधी आघाडी उघडली होती, ती आजीने गोळे घालून मोडून काढली.

शिळ्याचा प्रश्न सुटला नाही, तो संपला. शिजवलेला भात नागपूरच्या उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवून सकाळी फोडणी देणं हा धोका आहे. त्यात वाढणारे काही जंतू असं विष सोडतात की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. त्यामुळे भात मोजून, कणीक त्या वेळेपुरती, आणि उरलंच तर जेवण झाल्या झाल्या कोणाला तरी द्यायचं. फ्रिज होता तेव्हा मागच्या कोपऱ्यात डबे जमायचे आणि आठवड्याने 'हे काय होतं ग?' विचारत फेकले जायचे. ते पूर्ण थांबलं. माझ्या मते फ्रिज नसण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, वीज नव्हे.

विजेचं बोलायचं तर लाइट बिलासाठी हे करू नका. चांगल्या स्टारचा सिंगल डोअर फ्रिज वर्षाला दीड-दोनशे युनिटच्या घरात चालतो. एप्रिल-मेमध्ये एसी त्याच्या कितीतरी पट घेतो. शिवाय रोज पाव-पाव किलो भाजी घेताना भाव चढाच लागतो. बाजार उठता उठता ढीग स्वस्तात आणायची सोय गेली. हिशेब घातला तर पैसा फारसा वाचला नाही, बुडालाही नाही.

पावसाळा कठीण गेला, आणि हे मोकळेपणाने सांगायला हवं. मडक्यातल्या आणि खोलीतल्या तापमानात जेमतेम दोन अंशांचा फरक. रेतीला कुबट वास, गोणपाटावर बुरशी. ऑगस्टमध्ये मी दुहेरी मडकं धुऊन, वाळवून माळ्यावर टाकलं. तेव्हा कामी आलं ते सासूबाईंचं एप्रिलमधलं वाळवण. गच्चीवर मुंगवड्या, सांडगे, कुरड्या घालताना मी मनातून थोडी कंटाळले होते. ऑगस्टमध्ये आठवड्यातून दोनदा मुंगवड्यांची रस्साभाजी झाली तेव्हा कंटाळा गेला. बाकी काटवल, अंबाडी, तरोटा यायचं ते त्या दिवशीच संपायचं. पालेभाजी पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी ठेवायचीच नाही.

हिवाळ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. संत्री, आलू, पत्ताकोबी, सगळं टोपलीत सुखाने राहतं.

लोकांचं म्हणाल तर पहिले दोन महिने आम्ही करमणुकीचा विषय होतो. एका दिराने विचारलं, "काहून वहिनी, दादाचा पगार नाही झाला का?" दुसऱ्याने सेवाग्रामला खोली बघून देतो म्हणून सांगितलं. तीन घरांतून जुने फ्रिज देऊ केले गेले, ते नाकारताना जास्त त्रास झाला. भर उन्हात आलेल्या पाहुण्याला माठातलं वाळ्याचं पाणी दिलं की बहुतेकांचं तोंड बंद व्हायचं. ज्यांना बर्फच हवा होता त्यांच्यासाठी मुलगी खालच्या दुकानातून थंड बाटली आणायची. हट्ट आमचा, तहान त्यांची, असं नको.

आणि आता ती गोष्ट, जी अशा लिखाणात सहसा गाळली जाते. सासूबाईंना इन्सुलिन लागतं. न उघडलेली पेनं 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात, आणि कोणतंही मडकं तिथवर उतरत नाही. चालू असलेलं पेन डॉक्टरांना विचारून एका लहान, आतून कोरड्या मडक्यात ठेवलं. साठा मात्र नऊ महिने शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये आहे. त्यांनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही. पण कोणी मला 'किती साधं राहता हो तुम्ही' म्हणालं की मला काकूंच्या फ्रिजचं दार दिसतं. आमचं जमलं ते बाजार जवळ आहे, घरात दिवसभर कोणीतरी आहे, आणि भिंतीपलीकडे चालू फ्रिज आहे म्हणून. दोघंही नऊ ते सात नोकरी करणारे असाल आणि घरी पाणी घालायलाही कोणी नसेल, तर हे सगळं रात्री घरातल्या बाईच्याच अंगावर येईल. तसं असेल तर करू नका. आमच्याकडे संध्याकाळचं दूध आणि भाजी यांचं काम 'ह्यां'च्याकडे आहे, आणि ती वाटणी पहिल्याच आठवड्यात कागदावर लिहून भिंतीला लावली होती.

फेब्रुवारीत काकू मुलाकडे पुण्याला राहायला चालल्या आहेत. त्यामुळे आमच्याकडे पन्नास लिटरच्या आतला एक लहानसा फ्रिज येईल, औषधापुरता. भाजी आणि दूध आहे तसंच चालू राहील, मार्चमध्ये माळ्यावरचं मडकंही उतरेल. लहान फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेलं इन्सुलिन गोठू शकतं आणि गोठलेलं वापरता येत नाही, म्हणून बर्फाचा कप्पाच नसलेला घ्यायचं ठरलं आहे. मुलीला हे अजून सांगितलेलं नाही.