जुन्या गाडीला डिजिटल मीटर की जुनाच काटा?

जुन्या मारुती ८०० चं केबलवर चालणारं वेगाचं मीटर बंद पडलं, की जळगाव-धुळ्याकडे दोनच सल्ले मिळतात: केबल बदला, नाहीतर डिजिटल बसवा.

केबलचं काम सोपं. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरणारी तार तुटलेली असते, किंवा तिच्या टोकाचं प्लास्टिक गिअर झिजलेलं. काटा थरथरत असेल तर बहुतेक वेळा केबलचं वंगणच सुकलेलं.

डिजिटलमध्ये खरी डोकेदुखी वायरिंगची. या गाडीत कॅन बस (नव्या गाड्यांत वेगासारखी माहिती मीटरपर्यंत नेणारी वायरिंग) नाही, त्यामुळे वेगासाठी गिअरबॉक्सवर सेन्सर लागतो किंवा जीपीएस. पेट्रोलच्या टाकीतल्या फ्लोटचा (पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाचा) रेझिस्टन्स नव्या मीटरशी जुळला नाही, तर अर्धी टाकी असूनही रिकामी दिसते! सेन्सर लावला, तर वेग बरोबर दिसावा म्हणून टायरचा घेर धरून कॅलिब्रेशन करावं लागतं, ते वेगळंच. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. उन्हात उभ्या गाडीत स्वस्त एलसीडी काळी पडते.

रात्रीच्या प्रवासात मात्र डिजिटल आकडे छान दिसतात, हे कबूल. तरी मी केबलच घेईन. डिजिटल बसवणारच असाल तर जुन्या किलोमीटरचा फोटो तारखेसह काढून ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक तेच आधी विचारतं.