हेडलाइट बदलून घेण्याआधी हे वाचा

गाडीच्या हेडलाइटची काच पिवळी पडली असेल आणि अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात कुणी "असेंब्लीच (म्हणजे काचेसकट अख्खा दिवा) बदलून टाका" म्हणत असेल, तर पैसे काढण्याआधी थांबा. कोल्हापुरातल्या एका दुकानदाराने मला नुसता डुप्लिकेट माल गळ्यात मारला असता, तर मी एवढं लिहायला बसले नसते. पण त्या दिव्यांमुळे आंबा घाटात समोरून येणाऱ्यांच्या जिवाशी खेळ झाला, म्हणून लिहिते आहे.

आमची हॅचबॅक जुनी आहे. काचा धुरकट झाल्या होत्या, रात्री उजेड कमी पडायचा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आतला रिफ्लेक्टर, उजेड पुढे फेकणारा आरसा, गेलाय. कंपनीचीच नवीन जोडी बसवतो, वर दोनशे वॅटचे एलईडी. घाटात काळजी नको." फिटिंग धरून ७,८०० रुपये घेतले. 'फोकस सेटिंग' म्हणजे काय, तर भर दुपारी गाडी शटरसमोर हातभर अंतरावर उभी केली, पोराने मागचा स्क्रू जरा फिरवला आणि "झालं" म्हणाला. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वेगळा लागेल" म्हणत वहीतल्या कागदावर 'लाईट जोड' एवढंच लिहून दिलं. जुने दिवे "भंगार आहे" म्हणून ठेवून घेतले.

नंतर रत्नागिरीला आईकडे निघाले. मलकापूर सोडलं तेव्हा अंधार पडला होता. मी लो बीमवरच होते, तरी समोरचा प्रत्येक जण डिपर मारत होता. आंबा गावाच्या पुढे धुकं लागलं आणि समोर नुसता पांढरा भपका. डावीकडची पट्टी दिसेना, कठडा दिसेना. एका वळणावर घाट चढणारी एसटी जागीच थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ ताई, लाईट खाली करा, काय दिसंना झालंय!" उरलेला घाट एका ट्रकच्या मागे राहून जीव मुठीत धरून उतरले.

साखरप्याच्या गॅरेजवाल्याने जे दाखवलं ते प्रत्येकाने समजून घ्यावं. आधी त्याने बल्बच्या वायरीला क्लॅम्प मीटर, म्हणजे वीज किती ओढली जाते ते मोजणारा चिमटा, लावला. काटा जेमतेम दोन अँपिअरवर. बारा व्होल्टला दोन अँपिअर म्हणजे पंचवीस वॅटच्या आसपास. खरोखर दोनशे वॅटचा बल्ब असता तर सोळा-सतरा अँपिअर ओढले असते आणि फ्यूज कधीच उडाला असता. खोक्यावरचा आकडा धडधडीत खोटा होता.

मग त्याने एलईडी काढून साधा एच-फोर हॅलोजन लावला, हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५ वॅटचा, दोन्ही एकाच बल्बमध्ये, आणि गाडी भिंतीसमोर उभी केली. हॅलोजनमध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. स्वस्त एलईडीत चिप नेमक्या त्या जागी नसतात, त्यामुळे उजेड वाटेल तिकडे फाकतो. हॅलोजन लावल्यावर भिंतीवर उजेड जिथे वर संपतो तिथे स्वच्छ रेघ उमटली. पण ती उजवीकडे वर चढत होती! आपण डावीकडून चालतो, तेव्हा आपल्या दिव्याची रेघ डावीकडे वर जायला हवी, म्हणजे रस्त्याची कड दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जात नाही. "ताई, हा दिवा आपल्याकडच्या रस्त्याचा नाहीच," तो म्हणाला. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांसाठीची असेंब्ली माझ्या गाडीला बसवली होती. स्क्रू कितीही फिरवले तरी ही चूक सुधारत नाही. त्यातही एका बाजूचा स्क्रू नुसताच गोल फिरत होता, आतली प्लास्टिकची खाच तुटलेली होती.

ज्याचा मला सर्वात संताप आला ते असं: गॅरेजवाल्याने माझ्या फोनमधले गाडीचे जुने फोटो मोठे करून पाहिले आणि म्हणाला, रिफ्लेक्टर चकचकीत दिसतोय, फक्त काचेवरचा थर खराब झाला होता. पाण्याच्या पेपरने (ओला करून वापरायच्या पॉलिश पेपरने) घासून पॉलिश केलं असतं आणि वर यूव्ही कोटिंग मारलं असतं तरी भागलं असतं. परत दुकानात गेले तर जुने दिवे "विकले" म्हणून उत्तर मिळालं. भंगार कुणी घेतलं, याला उत्तर नाही.

दिवे घ्यायचेच असतील तर खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं बघा. काचेवर वर्तुळातल्या ई अक्षराची खूण असेल तर तिच्याजवळचा बाणही बघा. आपण दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाणाचं टोक आपल्या उजवीकडे असेल तर दिवा डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे. दोन्हीकडे टोक असेल तर दोन्हीकडे चालतो. खूण आहे पण बाणच नाही, तर तो दिवा घेऊ नका. जुने दिवे काहीही झालं तरी घरी आणा.

फोकस अंधारातच तपासा. जमीन सपाट, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला, डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं, म्हणजे दिवे वर-खाली करायचं, चाक शून्यावर. गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा आणि दिव्याच्या मध्याची उंची टेपने भिंतीवर आखा. लो बीमची सपाट रेघ त्याच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. एच-फोरमध्ये हाय बीमही त्याच रिफ्लेक्टरमधून येतो, त्यामुळे तो वेगळा लावायला लागत नाही.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. वहीतला कागद, यूपीआयची पावती, खोक्याचे फोटो आणि भिंतीवरच्या उजेडाचा व्हिडिओ जोडला आहे. पक्कं बिल नसलं तरी पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही. दुकानदाराने अजून एक पैसाही परत दिलेला नाही. हेल्पलाइनवरून काही झालं नाही तर मी आयोगात जाणार आहे.