एज ऑफ एम्पायर्स २ चं डायनॅस्टीज ऑफ इंडिया : पैसे देऊन घ्यावं का?

आधीच सांगून टाकतो, घ्या. बाकीचं खाली सविस्तर लिहिलंय पण कोणी घाईत असेल तर उत्तर हेच. एज ऑफ एम्पायर्स २ हा राज्य उभारून लढायचा कॉम्प्युटर गेम, आणि हे त्याचं एक्सपान्शन, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायची भर. २८ एप्रिल २०२२ ला ते आलं तेव्हा मी लगेच घेतलं होतं आणि आज पण आमच्या रविवारच्या गेममध्ये यातलीच सिव्हिलायझेशन्स (खेळायला निवडायची राज्यं, थोडक्यात सिव्ह) सगळ्यात जास्त खेळली जातात, त्यामुळे हा दोन दिवस खेळून लिहिलेला रिव्ह्यू नाही.

थोडं मागे जातो, नाहीतर मला हे एवढं का आवडलं ते कळणार नाही. आम्ही कोल्हापुरात सायबर कॅफेत द कॉन्करर्स खेळायचो, २००० साली आलेलं या गेमचं पहिलं एक्सपान्शन. त्यात हूण, ॲझ्टेक, माया, स्पॅनिश, कोरियन अशी पाच नवीन सिव्ह आली होती, पण ज्यांनी त्याच्या आधीचं नुसतं एज ऑफ किंग्ज, म्हणजे मूळ गेम, खेळलंय त्यांना विचारा त्यात सगळ्यात भारी काय होतं, ते सांगतील मिलमध्ये, म्हणजे अन्न जमा करायच्या इमारतीत, शेतं आधीच रांगेला लावून ठेवायची सोय. त्याआधी शेत संपलं की व्हिलेजर, म्हणजे कामकरी गावकरी, तिथेच उभा, तुम्ही तिकडे लढाईत गुंतलेले, आणि परत येऊन बघता तर सात-आठ जण बिनकामाचे उभे आणि अन्न शून्य. एवढीशी गोष्ट पण तिने पूर्ण गेमची गती बदलली. तेव्हापासून माझं मत हेच आहे की पैसे घेऊन नवीन झेंडे आणि नवीन राजांचे फोटो कोणी पण देईल, पण एक्सपान्शन घेतल्यावर तुमच्या हाताची सवय बदलली का, पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही वेगळं काही करायला लागलात का, ते बघायचं. बदलली तर पैसे वसूल.

आपला देश तेव्हा गेममध्ये नव्हताच. दादा कायम पर्शियन घ्यायचा, का तर त्यांच्याकडे हत्ती. मग २०१३ ला द फरगॉटन आलं, जे मुळात चाहत्यांनीच बनवलेल्या मॉडमधून पुढे अधिकृत झालं, आणि त्यात इंडियन्स नावाची सिव्ह आली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण खेळता खेळता खटकायला लागलं. पृथ्वीराज चौहान काय, दक्षिणेतला चोळ काय, बंगालचा पाल राजा काय, सगळ्यांना एकच झेंडा, एकच उंट, एकच हत्तीवरचा तिरंदाज. युरोपात ब्रिटन वेगळे, फ्रँक वेगळे, ट्यूटन वेगळे, आणि २०२१ च्या जानेवारीत तर बर्गंडीला पण स्वतंत्र सिव्ह मिळाली. मग आपल्याकडे एवढ्या मोठ्या मुलखाला एकच पोतं का, हा प्रश्न कुठल्याही इथल्या खेळाडूला पडणारच की.

डायनॅस्टीज ऑफ इंडियाने ते पोतं सोडलं. इंडियन्सचे झाले हिंदुस्थानी, आणि नवीन आले गुर्जर, बंगाली आणि द्रविड. चौघांत एक गोष्ट सारखी आहे आणि ती फार महत्त्वाची आहे, कोणाकडेच नाईट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, नाहीत. जे हा गेम खेळतात त्यांना कळेल हे केवढं मोठं आहे, कारण कॅसल एजला, म्हणजे गेमच्या चार युगांपैकी तिसऱ्याला, पोचलं की डोळे मिटून नाईट काढायचे ही निम्म्या जगाची सवय आहे. इथे ती मोडते. तुम्हाला विचार करावा लागतो, उंट काढू, हत्ती काढू, की पायदळावरच भागवू.

हत्तींबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. तटबंदी फोडायला बाकी सिव्हना बॅटरिंग रॅम मिळतो, म्हणजे चाकांवरचा तो मोठा ओंडका. या चौघांकडे रॅम नाहीच, त्याच्या जागी सीज वर्कशॉपमधून, म्हणजे वेढ्याची यंत्रं बनतात तिथून, चिलखत घातलेला हत्ती निघतो आणि तो जाऊन दरवाजाला धडका देतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवला. लहानपणी सहलीला गेलो होतो तेव्हा बाईंनी दाखवलं होतं, दाराच्या वरच्या अंगाला ते लांब अणकुचीदार खिळे का आहेत तर हत्तीने कपाळ लावू नये म्हणून. आपल्याकडे किल्ल्याचं दार बनवताना समोर हत्ती आहे असं धरूनच बनवायचे, आणि ते या गेममध्ये कोणीतरी अभ्यास करून आणलंय याचं मला मनापासून कौतुक वाटतं. शिवाय हे नुसतं दिसायला वेगळं नाही. रॅम बाणांना भीक घालत नाही आणि दामटून पुढे जातो, हत्तीला मात्र भालेवाले भारी पडतात, म्हणून त्याच्या सोबत स्वतःचं पायदळ पाठवावंच लागतं. एकटा हत्ती पाठवला की गेला.

आता गुर्जर. माझी सगळ्यात आवडती सिव्ह, आणि हाताची सवय बदलणं म्हणजे काय ते इथे नीट दिसतं. बाकी कुठल्याही सिव्हला सुरुवातीला मेंढ्या सापडल्या की टाउन सेंटर या मुख्य इमारतीखाली आणायच्या, एकेक कापायची आणि व्हिलेजरने खायचं, वीस वर्षं आम्ही हेच करत आलोय. गुर्जरांना मेंढी कापायचीच नाही, मिलमध्ये नेऊन ठेवायची. ती आत असेपर्यंत हळूहळू अन्न येत राहतं, कोणी व्हिलेजर लागत नाही, काही नाही. एका मिलमध्ये दहा जनावरं मावतात. सुरुवातीचं अन्न मिळावं म्हणून जवळ जास्तीची बेरीची झुडपं दिलेली असतात, तेवढ्यावर रेटायचं आणि मेंढ्या जपायच्या. पहिले चार-पाच गेम माझा हात आपोआप मेंढी कापायला जायचा. मग एकदा दादाशी खेळताना असं झालं की त्याने माझ्या शेतांवर घोडेस्वार सोडले, मी सगळे व्हिलेजर आत कोंडून घेतले, एक माणूस बाहेर काम करत नव्हता, आणि वर कोपऱ्यात अन्नाचा आकडा मात्र दोन-दोन करत वाढतच होता. त्या अन्नावर दोन उंट निघाले, मग अजून दोन, आणि त्याचे घोडे पळाले. दादा फोनवर ओरडतोय की अरे तुझं अन्न येतंय कुठून. ज्या घरात दूध-दुभतं आहे तिथे जनावर विकून खायचं नसतं हे आमची आजी सांगायची, ते बरोबर इथे लागू होतं.

त्यांचा श्रीवंश स्वार पण बघण्यासारखा आहे, तो येणारे पहिले काही बाण चुकवतो, मग थोडा वेळ बाजूला थांबला की परत ती ताकद भरते. म्हणजे टॉवरखालून घुसायचं, काम करायचं, बाहेर यायचं, दम खायचा, परत घुसायचं. चक्र फेकणारे आहेत ते एका फेकीत रांगेतल्या दोघा-तिघांना लागतात. सुरुवातीला गुर्जर इतके भारी होते की नंतरच्या पॅचमध्ये (गेमच्या सुधारणांमध्ये) त्यांना बऱ्याचदा कात्री लावावी लागली, आणि ते योग्यच झालं.

द्रविडांचं बरोबर उलटं. प्रत्येक एज गाठलं की २०० लाकूड फुकट, पाण्यावर जबरदस्त, तिरिसडै नावाचं मोठं लढाऊ जहाज, आणि केरळातली ती पट्ट्यासारखी लवचिक उरुमी तलवार घेतलेले सैनिक, जे थोडं थांबून एकदम मोठा वार करतात. शेवटी वूट्झ पोलादाचा शोध लावला की पायदळाच्या वारापुढे समोरच्याचं चिलखत चालतच नाही. पण घोडदळ अगदीच कमकुवत आणि उंट नाहीत, त्यामुळे अरेबियासारख्या उघड्या मॅपवर त्यांना घेऊन जिंकायचं म्हणजे घाम निघतो. बेटांचा मॅप असेल तरच घ्या. हिंदुस्थानी सोपे आहेत, नवीन माणसाने त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. बंगाली मला जमले नाहीत, रथ चांगला आहे, जवळून पण लढतो आणि लांबून पण, पण हत्ती गोळा होईपर्यंत समोरचा दारात येऊन उभा राहतो.

कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायच्या गोष्टी, तीन आहेत, बाबर, राजेंद्र चोळ आणि बंगालचा देवपाल, प्रत्येकी पाच सिनॅरिओ, म्हणजे पाच प्रसंग. बाबराचं सगळ्यात चांगलं जमलंय कारण त्यात तो आधी हरतो, समरकंद हातचं जातं, मुलूख सोडावा लागतो, आणि ते सगळं तुम्ही खेळता. राजेंद्राचं मला अजून मोठं चाललं असतं. ज्या राजाचं आरमार समुद्र ओलांडून श्रीविजयावर गेलं त्याला पाच सिनॅरिओ कमीच. देवपाल ठीक.

पैशांचं बोलायचं तर अमेरिकेत हे १० डॉलरला आलं होतं, आणि स्टीमवर सेल लागतो तेव्हा बरंच कमी होतं, घाई नसेल तर तेव्हा घ्या. एक चांगली गोष्ट म्हणजे बॅलन्सचे बदल (कुठली सिव्ह फार भारी किंवा दुबळी राहू नये म्हणून केलेले), बग दुरुस्त्या हे सगळ्यांना फुकट मिळतं आणि ज्याने एक्सपान्शन घेतलं नाही तो पण तुमच्याबरोबर मल्टिप्लेअर खेळू शकतो, फक्त त्याला ती सिव्ह निवडता येत नाही. आमच्या ग्रुपमध्ये सहा जणांपैकी तिघांनीच घेतलंय आणि कधी अडलं नाही. हे सगळ्या स्ट्रॅटेजी गेम्समध्ये असंच व्हायला पाहिजे.

प्रत्येक एक्सपान्शन असं नसतं. २०२४ च्या मार्चमध्ये व्हिक्टर्स अँड व्हँक्विश्ड आलं, त्यात १९ सिनॅरिओ, नवीन सिव्ह एकही नाही, आणि बरेच सिनॅरिओ आधी फुकट मिळणाऱ्यांचंच सुधारलेलं रूप. ज्याला एकट्याने शांतपणे खेळायला आवडतं त्याने बघावं पण माझ्या सवयीत त्याने काडीचा फरक पडला नसता म्हणून मी घेतलं नाही. २०२५ च्या मेमध्ये थ्री किंग्डम्स आलं, त्यात शू, वेई, वू ही तिसऱ्या शतकातली राज्यं मध्ययुगातल्या गेममध्ये आणून बसवली, ते मला पटलं नाही.

आणि आपल्याकडे जागा रिकामी नव्हती असं थोडंच आहे. माझी या एक्सपान्शनबद्दल एकच खरी खंत आहे, दख्खन. उत्तरेला हिंदुस्थानी, पश्चिमेला गुर्जर, पूर्वेला बंगाली, खाली द्रविड, आणि मधे वेरूळचं कैलास कोरणारे राष्ट्रकूट, चालुक्य, देवगिरीचे यादव, यांच्यासाठी स्वतःचं घर नाही. शिवकाळ या गेमच्या काळात बसत नाही हे मला मान्य आहे, तो हट्ट नाही. पण यादव तर बरोबर मधोमध बसतात.

म्हणून मी गेमच्या एडिटरमध्ये, जिथे स्वतःचे सिनॅरिओ बनवता येतात, बसून देवगिरीचा सिनॅरिओ बनवलाय, १२९६ चा, अलाउद्दीन खिलजी चालून आला तो. चार रविवार गेले. मधे डोंगर, त्यावर किल्ला, खाली गाव. यादवांना कुठली सिव्ह द्यायची यावर दादाशी दोन दिवस वाद झाला, शेवटी गुर्जर दिली. पण मिलमध्ये ठेवायला एक पण मेंढी दिली नाही, कारण गोष्ट अशी सांगतात की गडावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत ऐन वेळी मीठ निघालं. अन्न शून्य, दार बंद, बाहेर वेढा, आणि रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव फौज घेऊन लांब गेलेला, तो परत येईपर्यंत टिकायचं. दादा तीनदा खेळला, तीनदा गड पडला. काल चौथ्यांदा खेळला तेव्हा शंकरदेवाची फौज मॅपच्या कडेला दिसली आणि त्याच क्षणी मोठा दरवाजा कोसळला, हत्तीनेच.