मस्काडे: साधी ‘स्यूर ली’ की क्लिसाँची?

फ्रान्समध्ये नाँतला शिकणाऱ्या भाचीला पाहुण्यांसाठी मस्काडे, म्हणजे तिथली पांढरी वाईन, घ्यायची आहे. साधी ‘स्यूर ली’ की क्लिसाँ गावाच्या परिसरातली, हे ठरत नाही. द्राक्ष दोन्हींत एकच, मेलाँ द बुर्गोन्य. फरक मुरण्याचा. स्यूर ली हिवाळाभर यीस्टच्या गाळावर राहते, वसंतापासून बाटलीत भरतात: हलकी, लिंबासारखी आंबट, किंचित खारट. २०११ मध्ये ‘क्रू’चा, म्हणजे खास भूभागाच्या वाईनचा, दर्जा मिळालेली क्लिसाँ ग्रॅनाइटच्या जमिनीतली, गाळावर किमान २४ महिने. अंगाने भरीव आणि मला तरी कितीतरी अधिक बोलकी वाटते. किंमत अर्थात जास्त, पण ती बरीच वर्षं ठेवता येते. स्यूर ली सहसा लवकर संपवावी. कच्ची कालवं असतील तर स्यूर लीच घे. लोण्याच्या बर ब्लाँ सॉसमधला मासा असेल तर क्लिसाँ.